घरच्या काचेच्या टाकीत कोणते मासे एकत्र ठेवावेत?

शोभिवंत माशांच्या दुकानात एकाच टाकीत गोल्डफिश, एंजल, टायगर बार्ब आणि छोटे सकर एकत्र पोहताना दिसतात. ते पाहून घरी प्रत्येकाची एकेक जोडी आणली जाते. पंधरा दिवसांत निम्मे मासे मरतात, उरलेल्यांच्या शेपट्या कुरतडलेल्या दिसतात आणि दोष पाण्याला किंवा खाद्याला दिला जातो. खरे कारण बहुतेक वेळा निवडीत असते. दुकानातली टाकी ही विक्रीपुरती चार दिवसांची सोय असते, मासे तिथे वाढत नाहीत. तुमच्या घरी मात्र ते दोन-चार वर्षे राहणार असतात.

शेततळ्यात कटला, रोहू, मृगळ एकत्र सोडण्याचे तत्त्व तुम्हाला माहीत आहे. कटला वरच्या थरातले खातो, रोहू मधल्या आणि मृगळ तळाचे, म्हणून ते एकमेकांच्या वाटेत येत नाहीत. काचेच्या टाकीतही हा थरांचा विचार लागतो, पण तो शेवटी. त्याआधी पाणी, तापमान, माशाचे पूर्ण वाढीचे आकारमान आणि स्वभाव या चार गोष्टी जुळाव्या लागतात. पहिल्या दोन जुळल्या नाहीत, तर पुढच्या बघण्याची वेळच येत नाही.

आधी आपले पाणी ओळखा, मग मासे निवडा

माशाप्रमाणे पाणी बदलण्यापेक्षा पाण्याप्रमाणे मासा निवडणे स्वस्त आणि टिकाऊ. ठिबकसाठी किंवा माती-पाणी परीक्षणाच्या निमित्ताने तुम्ही विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्याचा अहवाल काढला असेल, तर तोच इथे कामी येतो. त्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम मिलीइक्विव्हॅलंट प्रति लिटरमध्ये दिलेले असते. दोन्हींची बेरीज करून तिला ५० ने गुणा, म्हणजे पाण्याची कठीणता मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये मिळते. उदाहरणार्थ, दोन्ही मिळून ६ असेल तर कठीणता ३०० झाली. बायकार्बोनेटच्या आकड्यालाही ५० ने गुणले की पाण्याची सामू धरून ठेवण्याची ताकद कळते. टीडीएस मीटर फक्त एकूण क्षार दाखवतो. ते क्षार कॅल्शियमचे की मिठाचे हे त्याला कळत नाही, त्यामुळे नुसत्या त्या आकड्यावर निवड करू नका.

बोअरच्या पाण्याचा सामू पाणी उपसल्याबरोबर मोजू नका. जमिनीखालच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो आणि प्राणवायू कमी असतो. रात्रभर बादलीत उघडे ठेवले, शक्य असल्यास त्यात हवेचा पंप चालवला, की सामू वाढून आपल्या खऱ्या पातळीवर येतो. सकाळचे मोजमाप धरा. हेच कारण आहे की बोअरचे ताजे पाणी थेट टाकीत ओतले की मासे वर येऊन तोंड मारायला लागतात. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते, तेही असेच चोवीस तास हवा देऊन ठेवले की बरेचसे निघून जाते. घाई असेल तर सोडियम थायोसल्फेटचे द्रावण दुकानात मिळते.

दख्खनच्या काळ्या बेसाल्ट खडकातले विहिरी-बोअरचे पाणी साधारणपणे कठीण आणि सामू साडेसातच्या वर असते. पश्चिम महाराष्ट्र, मराठवाडा, खानदेश आणि विदर्भाचा मोठा भाग यात येतो. अशा पाण्यात पिल्ले देणारे मासे, म्हणजे गप्पी, प्लॅटी, मॉली आणि स्वॉर्डटेल, उत्तम राहतात. मॉलीला तर कठीण पाणीच हवे असते, मऊ पाण्यात ती अंग आखडून थरथरत राहते. अकोला, अमरावती, बुलडाणा भागातल्या पूर्णा खोऱ्यात विहिरींचे पाणी खारट लागते, तिथेही निवडायची झाली तर मॉलीच निवडा.

रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोव्यात जांभ्या दगडातल्या विहिरींचे पाणी मऊ आणि किंचित आम्लधर्मी असते. टेट्रा, कुली लोच, गुरामी, एंजल यांचे मूळ पाणी असेच. जे पाणी घाटावरचा हौशी माणूस आरओ यंत्र लावून तयार करतो, ते कोकणातल्या माणसाला विहिरीतून फुकट मिळते. मात्र मऊ पाण्याचा सामू अचानक घसरू शकतो, म्हणून तिथे खाद्य बेताने घाला आणि पाणी नियमित बदला.

घाटावर राहून टेट्राच ठेवायचे असतील तर छपरावरचे पावसाचे पाणी साठवा. पहिल्या दोन-तीन पावसांचे पाणी सोडून द्या, मगच साठवा. ३०० कठीणतेच्या एक भाग पाण्यात दोन भाग पावसाचे पाणी मिसळले की कठीणता १०० च्या आसपास येते. नुसत्या पावसाच्या पाण्यात मासे सोडू नका, त्यात सामू धरून ठेवणारे काहीच नसते. मिठावर चालणारे पाणी मऊ करणारे यंत्र इथे उपयोगाचे नाही, कारण ते कॅल्शियम काढून त्या जागी सोडियम घालते आणि एकूण क्षार तेवढेच राहतात.

तापमान: गोल्डफिशचा प्रश्न

सर्वाधिक विकला जाणारा आणि सर्वाधिक चुकीच्या सोबतीत ठेवला जाणारा मासा म्हणजे गोल्डफिश. तो कार्पच्या कुळातला, थंड पाण्याचा. त्याला १८ ते २४ अंश सेल्सिअस मानवते, तर एंजल, गुरामी, गप्पी यांना २४ ते २८. शिवाय गोल्डफिश खूप खातो, खूप घाण करतो आणि चांगला वाढला तर वीतभर होतो. त्याच्यासोबत दुसरा गोल्डफिशच ठेवा. त्यातही दोन प्रकार आहेत. लांबट अंगाचे कॉमेट चपळ असतात, गोल पोटाचे ओरांडा वगैरे संथ. दोन्ही एकत्र ठेवले तर चपळ मासे सगळे खाद्य पळवतात आणि गोल पोटाचे उपाशी राहतात. काचेचा गोल वाडगा तर कोणत्याच माशासाठी घेऊ नका.

उन्हाळ्यात विदर्भ-मराठवाड्यात घरातल्या टाकीचे पाणी सहज ३० अंशांच्या वर जाते. २० अंशाच्या पाण्यात जास्तीत जास्त ९ मिलिग्रॅम प्रति लिटर प्राणवायू मावतो, ३० अंशाला तो साडेसातवर येतो आणि त्याच वेळी माशाची गरज वाढलेली असते. अशा भागात निऑन टेट्रा आणि गोल्डफिश टाळलेले बरे. निऑनसारखाच दिसणारा कार्डिनल टेट्रा उष्णता जास्त सोसतो, त्याचा विचार करा. उलट नाशिक-निफाडकडच्या थंडीत हीटर लागतो. एक लिटरला एक वॅट असा हिशेब पुरतो.

दुकानात बोटभर, घरी हातभर

मासा घेताना त्याचे आजचे नव्हे, पूर्ण वाढीचे आकारमान विचारा. मत्स्यपालकाला हे लवकर पटेल, कारण यातले काही मासे त्याच्या ओळखीचेच आहेत. दुकानात ‘शार्क’ म्हणून विकले जाणारे चंदेरी, मिशीवाले पिल्लू बहुधा पंगस असते. लाल पोटाचा ‘पिरान्हा’ म्हणून दाखवला जाणारा मासा बहुतेक वेळा रूपचंद असतो. कोई म्हणजे रंगीत सायप्रिनसच. तळ्यात किलोने वाढणारे हे मासे दोन फुटांच्या टाकीत वाढू शकत नाहीत. ते खुरटतात, पाणी नासवतात आणि आजारी पडून मरतात.

‘टाकी साफ करणारा’ म्हणून गळ्यात मारला जाणारा सकर हा याच यादीतला. लहानपणी तो काचेवरचे शेवाळ थोडेफार खातो. मोठा झाला की शेवाळ सोडून तुम्ही घातलेल्या खाद्यावर जगतो, फूटभर किंवा अधिक वाढतो आणि टाकीत सर्वांत जास्त विष्ठा त्याचीच असते. माशांची विष्ठा खाऊन टाकी साफ ठेवणारा मासा कोणताच नाही. मग कंटाळून लोक त्याला ओढ्यात किंवा धरणात सोडतात. भारतातल्या अनेक नद्या-जलाशयांत हा दक्षिण अमेरिकेचा मासा आज पसरलेला आहे. त्याच्या अंगावर हाडासारखी काटेरी कवचे असतात, ती मच्छीमारांची जाळी फाडतात, आणि बाजारात त्याला भाव नाही. विस्तार कार्यकर्त्यांनी गावात शोभिवंत माशांबद्दल एकच गोष्ट सांगायची ठरवली, तर सकर घेऊ नका आणि घेतलाच असेल तर तो ओढ्यात, विहिरीत किंवा शेततळ्यात सोडू नका, ही सांगावी. नको झालेला कोणताही मासा दुकानदाराला परत द्यावा.

ऑस्कर पाळीव कुत्र्यासारखा माणूस ओळखतो हे खरे, पण तो फूटभर वाढतो आणि तोंडात मावेल तो मासा गिळतो. फ्लॉवरहॉर्न एकटाच ठेवावा. एंजल दिसायला शांत, पण पूर्ण वाढलेल्या एंजलसमोर निऑन टेट्रा म्हणजे खाद्यच. साधा नियम असा, की लहान मासा मोठ्याच्या तोंडात मावत असेल तर तो आज ना उद्या जाणार, आणि बहुधा रात्री.

स्वभाव

टायगर बार्ब हा वाईट मासा नाही, त्याला चुकीची सोबत दिली जाते. दोन-तीनच ठेवले की ते इतरांच्या शेपट्या कुरतडतात. आठ-दहा एकत्र असले की आपसातच झोंबत राहतात आणि बाकीच्यांचा त्रास कमी होतो. तरीही लांब परांचे एंजल, गुरामी, फायटर किंवा गप्पी त्यांच्यासोबत कधीच नकोत. झेब्रा डॅनिओसारखे चपळ, आखूड शेपटीचे मासे चालतात. सेर्पे टेट्राबद्दलही हेच.

फायटरचा नर नरासोबत ठेवायचा नाही हे सगळ्यांना माहीत असते. नर गप्पीची रंगीत, पसरट शेपटी पाहूनही तो त्याला दुसरा फायटर समजून हल्ला करतो, हे मात्र कमी जणांना माहीत असते. गुरामी त्याचा भाऊबंदच, तोही नको. फायटर एकटा, निदान १५-२० लिटरच्या टाकीत, हळू फिल्टर लावून ठेवा. फायटर आणि गुरामी पाण्याबाहेरची हवा तोंडाने घेतात, म्हणून झाकणाखाली दोन बोटे जागा मोकळी ठेवा.

कळपाने राहणाऱ्या माशांची ‘जोडी’ घेण्याची पद्धत सोडून द्या. टेट्रा, डॅनिओ, बार्ब, कोरिडोरस हे किमान सहा हवेत. दोनच असले की भेदरून कोपऱ्यात बसतात, रंग उडतो, खात नाहीत. पाच प्रकारचे दोन-दोन घेण्यापेक्षा एकाच प्रकारचे दहा घ्या. टाकी दिसतेही जास्त छान.

गप्पी-प्लॅटीत एका नरामागे दोन-तीन माद्या ठेवाव्यात, नाहीतर नर मादीला पळवून पळवून थकवतात. मादी साधारण चार आठवड्यांनी पिल्ले देते आणि एकदा नराशी संयोग झाला की पुढे काही महिने नर नसतानाही देत राहते. पिल्लांचे काय करायचे हे आधी ठरवा. ठरत नसेल तर फक्त नरच ठेवा, गप्पीत रंग तसाही बहुतेक त्यांच्यातच असतो. डासअळ्या खाण्यासाठी आरोग्य विभाग गप्पी वाटतो, त्यामुळे गावात त्यांना मागणी असते. त्या बंदिस्त हौदात किंवा टाक्यात द्या, ओढ्या-नाल्यात नको.

मग टाकीत काय भरायचे?

दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीत हिशेबाने ५६ लिटर पाणी मावते. वाळू आणि वरची मोकळी जागा वजा जाता प्रत्यक्षात ४५ लिटरच उरते. यात तीन-चार सेंटिमीटरचे बारा ते पंधरा मासे, त्याहून जास्त नाही. कठीण पाणी असेल तर पाच प्लॅटी आणि सहा-सात झेब्रा डॅनिओ ही जोडी नवख्याला सर्वांत सोपी. डॅनिओ वरच्या थरात धावतात, प्लॅटी मधे-खाली चरतात, दोघेही चुका सोसतात. झेब्रा डॅनिओ आपल्या उपखंडातलाच मासा आहे. डॅनिओ उड्या मारतात, झाकण लागतेच.

कोकणातल्या मऊ पाण्यासाठी तीन फुटी टाकीत दहा-बारा कार्डिनल टेट्रा, दोन-तीन हनी गुरामी आणि तळाला पाच कुली लोच असा मेळ जमतो. तळाला खडी नको, बारीक वाळू घाला, कारण लोच तीत शिरून बसतात. कोरिडोरससाठीही वाळूच हवी, खडीने त्यांच्या मिशा झिजतात. वरच्या माशांनी टाकलेल्या उष्ट्यावर तळाचे मासे जगतात हा गैरसमज आहे. त्यांच्यासाठी दिवे घालवल्यावर बुडणाऱ्या गोळ्या वेगळ्या टाका.

एंजल ठेवायचे असतील तर चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टाकी, साधारण २५० लिटर, तेही मध्यम कठीणतेच्या पाण्यात. लहान असतानाच चार एंजल एकत्र वाढवा, सोबत आठ काँगो टेट्रा आणि सहा कोरिडोरस. एंजलची जोडी जमली की ती अर्धी टाकी आपली मानते. तेव्हा बाकीचे दोन बाहेर काढायची तयारी ठेवा. पाणी फारच कठीण, सामू आठच्या पुढे असेल, तर त्याच्याशी भांडू नका. आफ्रिकेतल्या मलावी सरोवराचे सिक्लिड नेमके असेच पाणी मागतात. फक्त त्यांच्यासोबत दुसरे काही ठेवता येत नाही.

मासे सोडण्याआधी आणि नंतर

नव्या टाकीत पहिल्या दिवशीच सगळे मासे सोडणे हे मरतुकीचे दुसरे मोठे कारण. माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो. त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. जमिनीत युरिया टाकल्यावर जे जिवाणू काम करतात, त्यांच्यासारखेच हे. घाटावरच्या शेतकऱ्याने इथे जास्त जपावे, कारण त्याच अमोनियाचा विषारी भाग सामू ७ असताना एक टक्क्याहून कमी, तर सामू ८ असताना २८ अंशाला सहा टक्क्यांच्या आसपास असतो. एखाद्याच्या जुन्या, निरोगी टाकीतला स्पंज आणून लावला तर काम लवकर होते. आधी चार-पाच दणकट मासे सोडा, बाकीचे दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने. स्पंज नळाखाली धुऊ नका, टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा. दर आठवड्याला पावभाग पाणी बदला.

नवीन मासा दोन-तीन आठवडे वेगळ्या टबमध्ये ठेवून मग जुन्यांत मिसळा. पिशवी वीस मिनिटे पाण्यावर तरंगत ठेवून तीत थोडे थोडे टाकीचे पाणी घाला आणि मासा जाळीने उचलून सोडा. पिशवीतले पाणी टाकीत ओतू नका.

शेतकऱ्याच्या घरात एक धोका शहरापेक्षा मोठा असतो, तो म्हणजे कीटकनाशकांचा. सायपरमेथ्रीन, लॅम्डा सायहॅलोथ्रीनसारखी पायरेथ्रॉइड गटातली औषधे माशांना अत्यल्प प्रमाणातही मारतात. फवारणीच्या बादल्या, नळ्या, मग टाकीसाठी कधीही वापरू नका. फवारून आल्यावर त्या दिवशी टाकीत हात घालू नका, खाद्यही दुसऱ्याला घालायला सांगा. डास मारण्याच्या वड्या आणि फवाऱ्यांतही याच गटातली औषधे असतात, आणि हवेचा पंप खोलीतली हवा ओढून थेट पाण्यात सोडतो. टाकीच्या खोलीत ती लावू नका. बोर्डो मिश्रणातले तांबेही माशांना विषारी, मऊ पाण्यात अधिकच. त्यामुळे टाकीचे पाणी तांब्याच्या भांड्यात साठवू नये.

मासे सोडल्यावर पहिले तीन दिवस खाद्य घालताना पाच मिनिटे थांबून बघा. कोण खायला येत नाही, कोण कोपऱ्यात किंवा फिल्टरमागे दडतो, कोणाच्या शेपटीची कड फाटली आहे. एकच मासा सगळ्यांना पळवत असेल तर दगड-वनस्पतींची मांडणी बदला, म्हणजे त्याने धरलेली हद्द मोडते. तरी थांबला नाही तर त्याला काढा. मार खाणाऱ्याला काढून उपयोग नाही, तो दुसरा धरतो.

भारनियमनाच्या भागात माशांची संख्या सांगितल्यापेक्षा एक चतुर्थांश कमीच ठेवा. वीज गेली की प्राणवायूची टंचाई आधी मोठ्या माशांना जाणवते. हवा घेणारे गुरामी-फायटर सर्वांत शेवटी अडचणीत येतात. वीज जाणार हे माहीत असेल तर आधी खाद्य घालू नका, आणि वीज लांबली तर दर अर्ध्या तासाने मगाने पाणी उचलून फूटभर उंचीवरून पुन्हा टाकीत ओतत राहा. वीज चार-पाच तास नव्हती, तर फिल्टर पुन्हा सुरू करण्याआधी त्याच्या डब्यातले साचलेले पाणी बाहेर फेकून द्या आणि मगच बटण दाबा.